बोलपाटीतला आवाज

हैदराबाद
१२ जून २०२३

प्रफुलभाऊ, नमस्कार.

मी आचल. 'सारस' लिनक्समध्ये येणाऱ्या नव्या पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरांची, नावं आणि वर्णनं तपासायचं काम माझ्याकडे असतं. तुमचं 'चंदा' काल उघडून पाहिलं. चित्रांच्या चौकटी, चित्र दाबलं की आवाज येतो, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी. काम फार चांगलं झालंय. माझ्या जुन्यापुराण्या लॅपटॉपवरही लगेच चाललं.

पण नावाचं काय करू या? खरं सांगते, यादीत 'चंदा' वाचून मला वाटलं, गणपतीची वर्गणी गोळा करायचं सॉफ्टवेअर असेल. आपली लिनक्स आपल्यासारखे हौशी लोक नोकऱ्या-धंदे सांभाळून बनवतात आणि ती चालते खेड्यातल्या शाळांच्या म्हाताऱ्या संगणकांवर. तिथले गुरुजी यादीतली एक ओळ वाचून ठरवतात की हे घ्यायचं की नाही. म्हणून नावावरून निदान अंदाज तरी यायला हवा.

वर्णनात तुम्ही लिहिलंय, "चंदासाठी. खूप सुंदर आणि सोपं. सगळ्यांनी वापरून पाहा." सुंदर आहे की नाही ते वापरणारा ठरवेल. आपण फक्त हे काय करतं ते सांगायचं. 'बोलपाटी' असं नाव कसं वाटतं?

तुमच्या सहीत कामठा दिसलं म्हणून आनंद झाला. मी देवरीची. बाबा हायवेवर बस चालवायचे. इथे हैदराबादेत 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात.

आचल


कामठा
१५ जून २०२३

आचलताई, नमस्कार.

वर्गणीचं वाचून मी हसलो. मग चंदाला वाचून दाखवलं, तर ती इतकी हसली की आईनं विचारलं, काय झालं वो.

चंदा माझी लहान बहीण. एकोणीस वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे. सात वर्षांची असताना शाळेतच लकवा मारून गेला. हात-पाय नंतर बरेच सुधारले, उजवा हात थोडा कमी चालतो, पण बोलणं गेलं ते आलंच नाही. समजतं सगळं. माझ्यापेक्षा जास्तच समजतं. आमच्या कामठ्याच्या चौकात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथे एकदा एक जुना लॅपटॉप कोणी दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलंच नाही. त्याच्यावर मी हे बनवलं. गोंदियाला डिप्लोमा केला होता, त्यातलं जेवढं आठवलं तेवढं, बाकी नेटवर शिकलो.

आवाज आमच्या आईचा आहे. आधी संगणकाचा तयार आवाज टाकला होता, पण चंदा त्याला हात लावेना. मग आईला दुकानात बसवून एकेक शब्द भरून घेतला. "आई, पानी दे." "आई, इकडे ये." "दुखते." "भूक लागली." "मले नोको." आई म्हणायची, "माह्याच तोंडानं मीच मले आई म्हनू का?" पण म्हणाली. आता घरात दिवसभर आईच आईला हाका मारते आणि आईच ओ देते. आम्हाला सवय झाली. नवीन माणूस घरी आला की घाबरतो.

'बोलपाटी' चालेल. चंदाला विचारलं. तिनं 'हो' दाबलं. फक्त एक विनंती आहे. वर्णनाच्या शेवटी "हे माझ्या बहिणीसाठी बनवलं" एवढी ओळ राहू द्याल का?

प्रफुल


हैदराबाद
२० जून २०२३

प्रफुलभाऊ,

तुमचं पत्र आमच्या गटातल्या दोघा-तिघांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी आईंचा आवाज पुन्हा लावून ऐकला.

तरीही ती ओळ नाही ठेवता येणार. नियम म्हणून सांगत नाही, कारण सांगते. समजा, कुठेतरी एक माणूस आहे, त्याच्या बापाला लकवा झालाय. तो यादीत शोधतोय. "माझ्या बहिणीसाठी" वाचलं की त्याला वाटेल, हे कोणा पोरीसाठीचं आहे, माझ्या म्हाताऱ्याच्या काय कामाचं! वर्णन शोधणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. तुमचं नाव, गाव, बनवण्यामागची गोष्ट हे सगळं आतल्या 'माहिती' खिडकीत लिहा. तिथे कोणी कापणार नाही.

दुसरं म्हणजे आपण याची दोन पॅकेजं करू. एक नुसती पाटी, दुसरं आवाजाचं. म्हणजे उद्या कोणी गोंडीत, पोवारीत आवाज भरून दिला तर पाटी तीच राहील. तुमच्या आवाजाचं वर्णन मी असं लिहिलंय: "बोलपाटीसाठी झाडीबोलीतले रोजचे शब्द. स्त्रीचा आवाज." आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की 'पानी'चं 'पाणी' करून परत भरून घ्या. मी त्याला म्हटलं, माझी आई आयुष्यभर पानीच पीत आली, तिची तहान काही अडली नाही.

आचल


कामठा
२३ जुलै २०२३

आचलताई,

उशीर झाला. धानाची रोवणी सुरू होती. बाया मिळत नाहीत, म्हणून दुकान बंद करून मीच बांधीत उतरलो. मधात चंदाला रक्त चढवायला गोंदियाला न्यावं लागलं. आता ठीक आहे, घरी आहे.

तुम्ही सांगितलं तसं दोन भाग करून पाठवले. ओळीबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. आईला नाही पटलं. ती म्हणते, "पोरीसाठी केलं त पोरीचं नाव लिवाले काय जाते?"

चंदाची एक मागणी आहे. तिला एक नवीन बटन पाहिजे. मी विचारलं कोणतं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणजे 'चूप बस'. मी फार बोलतो म्हणे. आईनं तो शब्द इतक्या जोरात भरून दिला की शेजारच्या उदाराम काकानं भिंतीपलीकडून विचारलं, "कोनाले म्हनता वो वहिनी?" हे बटन सगळ्यांच्या पाटीत टाकायचं की फक्त आमच्या घरच्या?

प्रफुल


हैदराबाद
२५ जुलै २०२३

प्रफुलभाऊ,

सगळ्यांच्या टाका. याची गरज घरोघरी आहे. बोलपाटी या आवृत्तीत गेली. चंदाला माझा नमस्कार सांगा, आणि त्या ओळीबद्दल आईंची माफी मागते.

आचल


हैदराबाद
९ जानेवारी २०२४

प्रफुलभाऊ, नमस्कार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

नोव्हेंबरपासून तुम्हाला तीन मेल टाकले, उत्तर नाही. नवीन आवृत्ती मार्चमध्ये निघते. त्यात चित्रं दाखवणारी सॉफ्टवेअर-लायब्ररी बदलली, त्यामुळे बोलपाटी उघडते आणि लगेच बंद पडते. काम छोटं आहे, पण तुमचा कोड तुम्हीच पाहिलेला बरा.

दिवाळीत देवरीला आले होते. वाटलं होतं, कामठ्याला यावं, चंदाला भेटावं. मेलला उत्तर आलं नाही म्हणून न सांगता यायचा धीर झाला नाही. धान निघून मोकळे झाले असाल. एवढं बघा.

आचल


हैदराबाद
६ फेब्रुवारी २०२४

प्रफुलभाऊ,

हे पत्र गटाच्या वतीने आहे म्हणून थोडं कोरडं वाटेल. ज्या पॅकेजला सांभाळणारा राहिला नाही, ते आपल्याकडे 'अनाथ' म्हणून यादीत जातं. महिन्याभरात कोणी पुढे आलं नाही, तर ते काढून टाकतात. दोन्ही बोलपाट्या काल त्या यादीत गेल्या.

तुम्ही रुसलात का? नावावरून? का ती ओळ काढली म्हणून? असाल तर सरळ सांगा, आपल्याकडचे लोक सरळ सांगतात.

आचल


कामठा
१० फेब्रुवारी २०२४

आचलताई,

काढून टाका. आवाज पण काढा.

प्रफुल


हैदराबाद
११ फेब्रुवारी २०२४

प्रफुलभाऊ,

तुमच्या दोन वाक्यांनी मला राग आला आणि तो लपवत नाही.

केशोरीचे जागेश्वर गुरुजी आपल्या गटाला अधूनमधून लिहितात. त्यांच्या शेजारी धुरपताबाई म्हणून एक म्हातारी आहे. लकव्यानं वाचा गेली. गुरुजींनी शाळेतून बाद झालेल्या संगणकावर तिला बोलपाटी बसवून दिली. म्हातारी दिवसभर त्याच्यापुढे असते. ती हैदराबादची किंवा पुण्याची भाषा ऐकत नाही, तुमच्या आईंचा आवाज ऐकते, कारण तो तिला आपला वाटतो. गुरुजींनी कळवलंय, संगणक नवीन आवृत्तीवर नेला की पाटी बंद पडेल, तर काय करायचं?

काय उत्तर देऊ त्यांना? बनवणाऱ्याचं मन उडालं, म्हणून तुम्ही पुन्हा मुके व्हा? तुम्हीच म्हणाला होता ना, बहिणीसाठी बनवलं म्हणून? मग तिच्यासारख्याच दुसरीचं काढून घ्यायला तुमचा हात कसा धजतो? काऊन असं?

आचल


कामठा
१७ फेब्रुवारी २०२४

आचलताई,

चंदा गेली. कोजागिरीच्या आदल्या दिवशी.

तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. दरवेळी लिहायला बसलो आणि पहिली ओळ लिहून बंद केलं.

धान कापणीला आलं होतं. सकाळी तिला पायात दुखणं सुरू झालं, मग पाठीत, मग छातीत. असं तिला व्हायचं, गोळ्या दिल्या की उतरायचं. या वेळी उतरलं नाही. गोंदियाला न्यायला गाडी बोलावली. आईनं पिशवीत लुगडं, गोळ्या आणि लॅपटॉप टाकला. गाडीत मी घाबरून सारखा बोलत होतो, आता पोचतोच, हे काय आलं कारंजा, डॉक्टर ओळखीचे आहेत, असं काहीबाही. तिनं डाव्या हातानं लॅपटॉप ओढला आणि 'चूप बस' दाबलं. आणि हसली. इतक्या दुखण्यात हसली. मी चूप बसलो.

वॉर्डात रक्त लावलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी जेवढं होतं तेवढं केलं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती "दुखते" दाबत होती. थोडं थांबायची, पुन्हा दाबायची. आईचाच आवाज, "दुखते, दुखते." आई तिच्या उशाशी बसून म्हणत होती, "हो वो माय, दुखते, मालूम हाय मले." बाजूच्या खाटेवरच्या बायका लॅपटॉपकडे पाहायच्या, मग आईच्या तोंडाकडे पाहायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोट उचलेना. मी लॅपटॉप हातात धरून तिच्या बोटाजवळ नेला. तिनं "घरी जाऊ" दाबलं. आई म्हणाली, "चाल." आणि मग संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं, पण ते आणणं वेगळं होतं.

तुमची जानेवारीची मेल मी वाचली होती. काम खरंच छोटं होतं. मी दुकानातून लॅपटॉप घरी आणला आणि दुरुस्त केलं. चालते की नाही पाहायला म्हणून एक चित्र दाबलं. विचारच केला नाही. "आई, इकडे ये."

आई मागच्या आंगणात तांदूळ पाखडत होती. सूप टाकून धावत आली, "आली वो बाई, आली!" दारात येऊन थांबली. मला पाहिलं. लॅपटॉपकडे पाहिलं. तिच्या हाताला कोंडा होता. मागं फिरली. सुपाचा आवाज पुन्हा आला नाही.

ताई, तो आवाज आईचा आहे हे आम्ही केव्हाच विसरलो होतो. आमच्या घरात तो चंदाचा होता. आता तो कोणाच्याही घरी वाजावा असं मला वाटत नाही. म्हणून लिहिलं काढून टाका.

तुम्ही ती ओळ काढली होती ते बरंच झालं. असती तर आता ती मलाच काढावी लागली असती.

धुरपताबाईंबद्दल वाईट वाटलं. दुरुस्त केलेली पाटी सोबत पाठवतो. फक्त पाटी. आवाज नाही.

प्रफुल


हैदराबाद
१९ फेब्रुवारी २०२४

प्रफुल,

आता 'भाऊ' नुसतं सवयीनं लिहायचं नाही, म्हणून आज नावानं हाक मारते.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले. मी तुम्हाला रागानं लिहिलं होतं तेव्हा तुमच्या घरात काय होतं हे मला माहीत नव्हतं, पण विचारायला तर येत होतं. 'रुसलात का' असं विचारलं, 'बरे आहात का' असं एकदाही विचारलं नाही.

आवाजाचं पॅकेज आजच काढलं. कारणाच्या रकान्यात "कुटुंबाच्या इच्छेवरून" एवढंच लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. पाटी माझ्या नावावर घेतली आहे, ती मी सांभाळीन. तिच्यात सध्या संगणकाचा तयार मराठी आवाज जोडला आहे.

गटात मी अजून एक गोष्ट मांडली. सांभाळणारा नसलेल्या पॅकेजला आपण जो शब्द वापरतो, तो बदलावा. तुमच्या घरी तो शब्द मी याच महिन्यात पाठवला, या विचारानं मला बेचैन होतं. एक जण म्हणाला, सगळीकडे हाच शब्द चालतो. मी म्हटलं, चालत असेल. आता यादीच्या डोक्यावर "सांभाळणारा हवा आहे" असं आहे. याचा तुम्हाला काही उपयोग नाही, ठाऊक आहे.

आईंना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. चंदाला मी पाहिलं नाही, पण तिच्या "चूप बस"वर आमचा अख्खा गट हसला होता, एवढं त्यांना सांगता आलं तर सांगा.

आचल


कामठा
५ मे २०२४

आचलताई,

तुम्हाला लिहू की नको असं करता करता हे लिहितो.

मागच्या आठवड्यात एक बाई दुकानात आली. चाळिशीतली, पायात धूळ, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "प्रफुल तुमीच का? मी केशोरीहून आली." ती रुख्मा, धुरपताबाईंची सून. गुरुजींनी तिला पाटीच्या 'माहिती' खिडकीतून माझं नाव-गाव काढून दिलं होतं. ती दोन बसा बदलून आली होती. उन्हात.

मी तिला घरी नेलं. आईनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. जेवता जेवता ती बोलायला लागली. तिला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं.

"बाई, आमच्या बुढीची पाटी बिघडली. म्हंजे बोलते, पन कोनी दुसरीच बाई बोलते, रेडिओवानी. बुढी हातच लावत नाई. म्या बटन दाबून दाखवलं, त तिनं माहा हात झटकला. आता दिवसभर भिताडाकडं तोंड करून रायते."

आई भात वाढत राहिली.

"पयले कशी चांगली बोलत होती. आता तुमाले खरं सांगतो बाई, लगन होऊन आली तवापासून बुढीनं मले कधी नावानं हाक मारली नाई. 'कोन हाय तिकडं', 'कुठं मेली', असंच. आन् त्या पाटीवर मले म्हने, 'आई, पानी दे'. तिच्यात तसंच होतं ना भरलेलं. 'आई, इकडे ये.' पयल्या दिवशी मी चुलीजवळ बसून रडलो."

आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. रुख्मा घाबरली, "माहं काई चुकलं का?" तेव्हा मी तिला चंदाचं सांगितलं. ती ताटावरून उठली, हात धुतला आणि त्या दाराशी जाऊन खाली बसली. दार वाजवलं नाही, बसली नुसती. शेवटची बस निघून गेली.

दिवेलागणीला आई बाहेर आली. रुख्माला म्हणाली, "'आई' मी नाई देत. ते माह्या पोरीचं हाय. बाकीचं भरून देतो."

दुसऱ्या दिवशी आईला दुकानात बसवलं. रुख्मा शेजारी बसून सांगत होती म्हातारीला काय काय लागतं. "पाठ खाजव." "तंबाकू दे." "पंखा लाव." "टीवी बंद कर." आईनं सगळं म्हटलं. तंबाखूच्या वेळी तर थोडी हसली सुद्धा. मग "दुखते" आलं. मी यादीत ठेवलं होतं, चुकून नाही, ते लागतंच. आईनं तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. मी रेकॉर्डिंग बंद केलं. रुख्मा म्हणाली, "ते मी म्हनतो, बाई." आणि माईक स्वतःकडे घेतला.

सगळ्या फायली सोबत पाठवतो. त्यातली एक दुसऱ्या आवाजात आहे. ती चूक समजू नका.

जुना आवाज घरीच राहील. तो कोणाला द्यायचा नाही, असं आई म्हणाली. पुसायचा पण नाही.

प्रफुल


हैदराबाद
११ मे २०२४

प्रफुल,

फायली ऐकल्या. सगळ्या एका बैठकीत नाही ऐकता आल्या.

आता पुन्हा वर्णन लिहायचं आलं. मी असा मसुदा केलाय: "बोलपाटीसाठी झाडीबोलीतले रोजचे शब्द. दोन स्त्रियांचे आवाज." यात कोणासाठी, का, कोणाचा, काहीच नाही. पूर्वी मी तुम्हाला हेच शिकवत होते ना, वर्णन शोधणाऱ्याचं असतं म्हणून? ते मला अजूनही खरं वाटतं. पण या वेळी मी एकटी ठरवणार नाही. काय लिहायचं ते तुम्ही आणि आई ठरवा. ओळ वाढवा म्हणालात, तर मी गटाशी भांडेन.

आणि सांभाळणारा म्हणून माझ्या जागी तुमचं नाव घालायचं असेल, तर कधीही सांगा. घाई नाही.

आचल


कामठा
३ डिसेंबर २०२४

आचलताई,

वर्णनाबद्दल मे महिन्यातच एका ओळीत कळवलं होतं की आहे तसंच राहू द्या. आईला मी मसुदा वाचून दाखवला होता. तिनं विचारलं, "ज्याले पायजे त्याले भेटल ना?" मी हो म्हटलं. "मंग बस झालं," म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं नव्हतं ते आज सांगतो. तिकडे केशोरीला संगणकावर नवीन आवाज गुरुजींनी बसवून दिला. म्हातारी पुन्हा बोलायला लागली, असा रुख्माचा फोन यायचा. आईशी पण बोलायची. आई फोनवर हूं हूं करायची. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे येऊन गेले, सगळे रडले, आईच्या डोळ्याला पाणी नाही. चंदा गेली तेव्हापासून ती रडलीच नव्हती. लोक म्हणायचे मन घट्ट आहे. मी तिच्याजवळ राहतो, मला माहीत होतं ते घट्ट नाही. अडकलेलं होतं.

परवा धान चुरून झालं, मळणी आटोपली. आई आपणहून म्हणाली, "केशोरीले जाऊन येऊ." आम्ही बसनं गेलो. रुख्मानं अंगणात शेण टाकून सारवून ठेवलं होतं, जशी काही कोणी मोठी पाहुणी येणार होती. धुरपताबाई खाटेवर बसल्या होत्या, समोर टेबलावर संगणक. बारीक, सुरकुतलेल्या, एक हात मांडीवर पडलेला. रुख्मा म्हणाली, "बुढे, हे कामठ्याची बाई आली. बोल आता."

आई म्हणाली, "कशी हाय वो बाई तब्येत?"

म्हातारीनं एकदम मान उचलली. संगणकाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे, मग पुन्हा संगणकाकडे. आवाज बाहेरून कसा आला, हे तिला समजेना. आई म्हणाली, "मीच हावो ते. तुमच्यासाठी मीच बोलतो." म्हातारी कितीतरी वेळ आईला पाहत राहिली. मग तिनं चालत्या हातानं चित्र दाबलं. "बस."

आई खाटेच्या कडेला बसली. मी आणि रुख्मा बाहेर ओट्यावर आलो. रुख्मा चहाचं पाहायला गेली. मी तिथेच बसलो. आत बोलणं सुरू झालं. आई विचारायची, "जेवन जाते का?" आणि आईच्याच आवाजात उत्तर यायचं, "भूक नाही." "झोप येते का?" "नाही." "कोनाची याद येते?" या प्रश्नाच्या उत्तराचं बटन पाटीत नाही.

मग आई स्वतःहून बोलायला लागली. चंदा कशी झाली इथपासून. पावसात कशी झाली, दाई कशी नदीपलीकडे अडकली होती, पहिल्यांदा रडली तेव्हा आवाज केवढा मोठा होता. शाळेत कविता म्हणायची ते. मला यातलं अर्धं माहीत नव्हतं. लकव्याच्या आधी चंदा बोलायची, सात वर्षं बोलायची, हे आम्ही घरात कधी काढतच नव्हतो. तो तिचा खरा आवाज कसा होता ते आई एका मुक्या म्हातारीला सांगत होती. "चिमनीवानी होता वो बाई. चिमनीवानी. मले आता आठोत नाई. माहाच आवाज मधात येते."

आणि आई रडली. मी आयुष्यात तिला तसं रडताना ऐकलं नव्हतं.

मी उठून दारापर्यंत गेलो. म्हातारीनं संगणक बाजूला लोटला होता. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिचा चालता हात आईच्या पाठीवरून फिरत होता. रुख्मा चहा घेऊन आली होती, ती माझ्यामागे थांबली. आम्ही आत गेलो नाही. चहा थंड झाला.

सांभाळणारा म्हणून माझं नाव टाका.

प्रफुल